बादलीतले भेक, वहीतले आकडे: ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधील स्वयंसेवकांच्या नोंदींचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याबाहेरच्या अरुंद रस्त्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस, दिवसभराच्या पावसाने डांबर ओले असताना आणि थंडी पाच-सहा अंशांपर्यंत उतरून तिथेच थबकलेली असताना, अंधार पडता पडता दोन-तीन माणसे बादल्या आणि विजेऱ्या घेऊन चालू लागतात. अंगात लांबून चमकणारी पिवळी जाकिटे असतात, कारण त्याच रस्त्यावरून कामावरून परतणाऱ्यांच्या गाड्या जात असतात. विजेरीच्या झोतात प्रथम ओल्या पाचोळ्यासारखे काहीतरी दिसते, ते हलते, आणि मग कळते की तो भेक आहे. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपायला येऊन बसणारा, खरखरीत कातडीचा जो प्राणी असतो त्याचाच हा युरोपीय भाऊबंद. बेडकासारखा तो टुणकन उडी मारून निसटत नाही, पाय टाकत सावकाश चालतो, आणि रस्त्याच्या मध्यावर पोहोचला की पुष्कळदा तिथेच बसून राहतो. उचलल्यावर तो चिवचिवल्यासारखा बारीक आवाज करू लागला तर नर समजायचा. दुसऱ्या नराने चुकून पकडल्यावर ‘मला सोड’ असे सांगण्याचा तो आवाज आहे, आणि मादी तो काढत नाही. शंका राहिली तर पुढच्या पायांची आतली तीन बोटे पाहायची, कारण विणीच्या काळात नराच्या बोटांवर काळ्या खरखरीत गाद्या उमटतात. मग तो बादलीत जातो, तळ्याच्या बाजूला नेऊन सोडला जातो, आणि वहीत एक रेघ वाढते.

प्रस्तुत अभ्यास त्या रेघेविषयी आहे. बादली घेऊन निघालेल्या माणसांना भेक वाचवायचे होते. उभयचरांच्या संख्येचा कल मोजण्याची योजना त्यांच्यासमोर नव्हती आणि नमुनानिवडीचा आराखडा कोणी आखून दिलेला नव्हता. तरीही रोज रात्री जिवंत किती नेले आणि मेलेले किती दिसले हे लिहून ठेवण्याची शिस्त पुष्कळ गटांनी पाळली, आणि त्या नोंदींची बेरीज २०१६ मध्ये जेव्हा पद्धतशीरपणे मांडली गेली तेव्हा युरोपातल्या एका अगदी सामान्य समजल्या जाणाऱ्या प्राण्याची तीन दशकांची घसरण समोर आली. तोपर्यंत ती इतक्या मोठ्या प्रमाणावर कोणी दाखवून दिलेली नव्हती.

भेक रस्त्यावर का येतो हे समजल्याखेरीज या आकड्यांचा अर्थ लागत नाही. हा प्राणी वर्षातला बहुतेक काळ जमिनीवर, झुडपांच्या कुंपणांत, जंगलाच्या पाचोळ्यात आणि बागांच्या ओलसर कोपऱ्यांत घालवतो. हिवाळा तो मातीत किंवा ओंडक्यांखाली दडून काढतो. हिवाळ्याच्या शेवटी पहिल्या उबदार, ओल्या रात्री आल्या की प्रौढ भेक थव्याने बाहेर पडतात आणि ज्या तळ्यात आपण जन्मलो त्याच तळ्याकडे जाऊ लागतात. वाटेत दुसरे तळे लागले तरी ते तिथे थांबतीलच असे नाही. ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांची असते. रस्ता नंतर आलेला असतो, आणि त्यावरची वाहतूक तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत वाढलेली आहे. वर्षातला बहुतेक प्रवास थोड्याशा रात्रींत, अंधार पडल्यानंतरच्या काही तासांत, म्हणजे नेमका लोक घरी परतण्याच्या वेळी होत असल्यामुळे एका रात्रीत शेकडो भेक चिरडले जाऊ शकतात. नर आधी पोहोचतात किंवा वाटेतच मादीची वाट पाहत बसतात आणि ती भेटली की तिच्या पाठीवर चढून पुढचा प्रवास करतात. त्यामुळे एका चाकाखाली पुष्कळदा जोडीच जाते, आणि त्यासोबत दोऱ्यासारख्या लांब माळेतली, हजाराच्या घरातली अंडीही.

रस्त्यावरच्या या मृत्यूंकडे ब्रिटनमध्ये काही निरीक्षकांचे लक्ष आधीपासूनच होते. आर्नोल्ड कुक यांनी केंब्रिजशायरमधल्या रॅम्सी या गावाजवळ १९७४ पासून दोन दशकांहून अधिक काळ मेलेल्या भेकांची मोजणी ठेवली. पण मदतीच्या कामाला सार्वजनिक रूप आले ते १९८० च्या दशकात. भेकाचे चित्र असलेली त्रिकोणी सूचनापाटी वाहतूक खात्याने मान्य केली, १९८७ मध्ये हेन्लीजवळच्या हॅम्बल्डन येथे रस्त्याखालून भेकांसाठी बोगदा झाला, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या फ्रॉगलाइफ या संस्थेने पुढे ‘टोड्स ऑन रोड्स’ या नावाने गावोगावच्या गटांना एका सूत्रात बांधले. या गटांना तिथले लोक टोड पेट्रोल म्हणतात, म्हणजे भेकांसाठीची गस्त. बाथ शहराच्या कडेला असलेल्या चार्लकोम्ब लेनसारखा रस्ता तर २००३ पासून दरवर्षी सुमारे सहा आठवडे वाहनांसाठी बंद ठेवला जातो. एका खरखरीत, कोणालाही मोहक न वाटणाऱ्या प्राण्यासाठी स्थानिक प्रशासन दीड महिना रस्ता बंद ठेवते, यामागे त्या गल्लीतल्या लोकांनी दाखवलेली चिकाटी आहे, आणि तिची दखल घेतल्याशिवाय आकड्यांकडे वळणे मला योग्य वाटत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. दुर्मीळ प्राण्यांवर अभ्यासकांचे लक्ष असते, त्यांच्यासाठी निधी मिळतो, त्यांची गणना होते. सर्वत्र दिसणाऱ्या प्राण्याची गणना करावी असे कोणाला वाटत नाही. भेकाचे हेच झाले. जागतिक पातळीवर तो चिंता करण्याजोग्या जातींत मोडत नव्हता, आणि ब्रिटिश कायद्यात त्याला असलेले संरक्षण मुख्यतः त्याच्या विक्रीपुरते मर्यादित होते. पण सामान्य जाती कमी झाल्या तर परिसंस्थेत पडणारी तूट दुर्मीळ जातींच्या तुलनेत मोठी असते, कारण किडे, गोगलगायी आणि गांडुळे खाणाऱ्या आणि स्वतः सापांचे व पक्ष्यांचे अन्न होणाऱ्या या प्राण्यांचे एकूण वजनच फार मोठे असते. २००३ मध्ये कॅरियर आणि बीबी या संशोधकांनी इंग्लंडच्या सखल भागातून माहिती गोळा करून भेकांत मोठी आणि अकारण वाटावी अशी घट झाल्याचे दाखवले होते, आणि त्याच भागातल्या सामान्य बेडकांत तशी घट नव्हती हेही नोंदवले होते. त्यानंतर २००७ मध्ये भेकाला ब्रिटनच्या जैवविविधता आराखड्यातील प्राधान्य जातींत स्थान मिळाले. तरीही देशभराचा, अनेक वर्षांचा कल सांगणारी आकडेवारी हाती नव्हती.

ती गस्तकऱ्यांच्या वह्यांत पडून होती. सिल्वियू पेत्रोवान आणि बेनेडिक्ट श्मिट यांनी ती बाहेर काढली. पेत्रोवान फ्रॉगलाइफशी आणि श्मिट स्वित्झर्लंडमधल्या कार्ख या उभयचर-सरीसृप संरक्षणाच्या समन्वय केंद्राशी संबंधित होते. दोन्ही देशांतल्या, १९७० च्या दशकापासूनच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या आणि किमान पाच वर्षांच्या नोंदी आहेत अशाच ठिकाणांचा विचार केला. या चाळणीतून ब्रिटनमधले १५३ आणि स्वित्झर्लंडमधले १४१ समूह उरले. त्यांचा निबंध ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकापासून प्रत्येक दशकात, दोन्ही देशांत, भेकांची संख्या सतत घटत आली होती. ब्रिटनसाठी तीस वर्षांतली घट सुमारे ६८ टक्के, म्हणजे तीन भेकांपैकी दोन नाहीसे झाले असे त्यावेळी सांगण्यात आले, आणि इंग्लंडच्या आग्नेय भागाची स्थिती विशेष वाईट होती. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत तीस टक्क्यांहून अधिक घट झालेली जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत धोक्यात असलेली म्हणून घातली जाते, आणि हा सर्वत्र आढळणारा प्राणी त्या रेषेच्या अगदी जवळ येऊन ठेपला होता. हे सगळे घडत असताना, त्याच काळात, त्याच स्वयंसेवकांनी लाखो भेक हातांनी उचलून रस्त्यापलीकडे नेले होते.

या ठिकाणी चिकित्सक वाचकाच्या मनात शंका यायला हवी, आणि ती रास्त आहे. बादलीतले आकडे म्हणजे तळ्यातले भेक नव्हेत. एखाद्या वर्षी गस्तीला दहा माणसे आली आणि पुढच्या वर्षी चारच आली तर आकडा निम्म्याने घसरेल, आणि भेकांचे काहीही झालेले नसेल. एखाद्या वर्षी उबदार, पावसाळी रात्री लागोपाठ आल्या आणि सगळा प्रवास चार रात्रींत उरकला तर त्या चार रात्री हजर असलेल्या गटाला विक्रमी संख्या मिळेल. दुसऱ्या वर्षी तोच प्रवास थंडीमुळे सहा आठवडे रेंगाळला तर दमलेल्या स्वयंसेवकांच्या नजरेतून पुष्कळ निसटतील. शिवाय मादी दरवर्षी विणीला येतेच असे नाही. भेकाला प्रौढ व्हायला तीन-चार वर्षे लागतात, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी संख्या ही तीन-चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये तळ्यातून बाहेर पडलेल्या नखाएवढ्या पिलांचे नशीब सांगत असते. उभयचरांची संख्या मुळातच वर एकदा उसळते आणि खाली एकदा कोसळते. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून कल काढणे म्हणूनच धोक्याचे असते.

या अडचणीवर संशोधकांनी स्टेट-स्पेस प्रकारचे संख्याशास्त्रीय प्रतिमान वापरले. त्याची कल्पना सोपी करून सांगता येईल. प्रत्येक ठिकाणी एक खरी संख्या आहे, जी आपल्याला कधीच दिसत नाही आणि जी वर्षागणिक जन्म-मृत्यूंनुसार बदलते. आणि एक मोजलेली संख्या आहे, जी त्या खऱ्या संख्येवर हवामानाची, मनुष्यबळाची आणि नशिबाची धूळ बसून तयार होते. एकाच ठिकाणाचे अनेक वर्षांचे आकडे एकत्र पाहिले तर धुळीचा चढउतार आणि मूळ संख्येचा चढउतार काही प्रमाणात वेगळे काढता येतात. धूळ एका वर्षी वर नेते आणि पुढच्या वर्षी खाली आणते, पण ती वीस वर्षे एकाच दिशेने ढकलत राहत नाही. शेकडो ठिकाणी एकाच वेळी तर नाहीच.

मात्र काही चुका धुळीसारख्या दोन्ही बाजूंना पडत नाहीत. त्या एकाच दिशेला कललेल्या असतात, आणि प्रतिमान कितीही चांगले असले तरी त्या आपोआप धुतल्या जात नाहीत. गस्त सुरू कुठे होते याचा विचार केला तर हे ध्यानात येते. ज्या वर्षी रस्त्यावर शेकडो भेक मरून पडलेले दिसतात त्या वर्षी कोणाचे तरी मन हेलावते आणि गट उभा राहतो. म्हणजे नोंदींची सुरुवातच अपवादात्मक भरभराटीच्या वर्षी होण्याचा संभव असतो, आणि मग पुढची सरासरी वर्षेही घसरणीसारखी दिसतात. हा दोष घट आहे त्यापेक्षा मोठी दाखवील.

त्याच्या उलट दिशेने ढकलणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि माझ्या मते त्या अधिक बळकट आहेत. ज्या ठिकाणी भेक उरतच नाहीत तिथे गस्त बंद पडते. रात्रीमागून रात्री रिकामी बादली घेऊन परतणाऱ्या माणसांनी पुढच्या वर्षी घरी राहणे स्वाभाविक आहे. पण त्यांच्याबरोबर त्या ठिकाणची नोंदही थांबते, आणि हिशेबात जे शून्य यायला हवे होते ते येतच नाही. नष्ट झालेला समूह हिशेबातून गळतो आणि टिकून राहिलेलेच समूह सरासरी ठरवतात. शिवाय गेल्या वीस वर्षांत मोबाइल आणि समाजमाध्यमांमुळे आजची रात्र भेकांची आहे हे काही मिनिटांत सगळ्यांना कळते, त्यामुळे चांगल्या रात्री रस्त्यावर पूर्वीपेक्षा अधिक डोळे असतात. अधिक डोळ्यांनी अधिक भेक मोजले जायला हवेत. तरीही आकडे घटले असतील तर खरी घट वहीत दिसते तिच्याहून मोठी असण्याची शक्यता धरावी लागते.

या सगळ्या तर्कांपेक्षा मला स्वतःला जो पुरावा सर्वांत पटतो तो स्वित्झर्लंडमधला आहे, आणि तो भेकांचा नसून बेडकांचा आहे. तिकडची पद्धत ब्रिटनहून वेगळी आहे. रस्त्याकडेने गुडघ्याएवढ्या उंचीचे तात्पुरते कुंपण घालतात आणि त्याला लागून ठरावीक अंतरावर बादल्या जमिनीत पुरतात. तळ्याकडे निघालेला प्राणी कुंपणाला अडतो, कडेकडेने चालत राहतो आणि बादलीत पडतो. स्वयंसेवक येऊन बादल्या मोजून रिकाम्या करतात. रात्री किती डोळे रस्त्यावर होते याला इथे फारसे महत्त्व उरत नाही, कारण कुंपण झोपत नाही. या बादल्यांत भेकांबरोबर सामान्य बेडूकही पडतात, आणि त्यांचीही नोंद होते. त्याच कुंपणांच्या, त्याच बादल्यांच्या आणि त्याच माणसांच्या नोंदींतून बेडकांचा कल काढला तेव्हा तो स्थिर किंवा वाढता निघाला, फक्त २००३ नंतर घटीची काही चिन्हे दिसली. स्वयंसेवक कंटाळले म्हणून किंवा कुंपणे निकृष्ट झाली म्हणून आकडे उतरले असते तर बेडूकही भेकांबरोबर उतरले असते. एकाच बादलीतला एक प्राणी कमी होतो आणि दुसरा टिकतो, याचा अर्थ बदल प्राण्याच्या बाजूने आहे, मोजणाऱ्याच्या बाजूने नव्हे. नियोजित प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट ठेवतात. इथे तो कोणाच्या मनात नसताना मिळाला, आणि मिळाला तो केवळ कोणीतरी ‘आपण भेकांसाठी आलो आहोत’ असे म्हणून बेडकांचा रकाना रिकामा सोडला नाही म्हणून.

घट का झाली, याचे उत्तर या नोंदी देत नाहीत, आणि संशोधकांनीही ते दिल्याचा आव आणलेला नाही. रस्ता हे कारण उघड आहे, पण रस्त्यावर गस्त असलेल्या ठिकाणीच ही घट मोजलेली आहे, म्हणजे रस्त्यावरची मदत पुरत नाही एवढे तरी निश्चित होते. गस्त वसंताच्या सुरुवातीला तळ्याकडे जाणाऱ्या प्रौढांना वाचवते. वीण झाल्यावर ते विखरून, एकेकटे, आठवडेच्या आठवडे परत येत असतात, तेव्हा पुष्कळ ठिकाणी रस्त्यावर कोणी नसते. जून-जुलैत पावसानंतर तळ्यातून निघणारी हजारो पिले तर इतकी लहान असतात की चालत्या गाडीतून ती दिसतही नाहीत. रस्त्याच्या कडेचा उंच काठ चढता न आल्याने भेक त्याच्या कडेने चालत जाऊन पावसाच्या पाण्याच्या जाळीतून खाली पडतात आणि तिथून वर येऊ शकत नाहीत. तेही कोणाच्या वहीत येत नाहीत. त्यापलीकडे तळी बुजणे, झुडपांची कुंपणे काढून शेते मोठी होणे, घरांची वाढ आणि रोग ही कारणे आहेतच. ख्रिस्तोफर रीडिंग यांनी दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात एकाच तळ्यावर १९८३ ते २००५ या काळात माद्या मोजल्या, मापल्या, वजन केल्या, आणि वाढत्या तापमानाबरोबर त्यांच्या शरीराची स्थिती खालावत गेल्याचे आणि त्या लहान राहू लागल्याचे दाखवले. मादी लहान तर अंडी कमी. उबदार हिवाळ्यात प्राणी पूर्ण निपचित राहत नाही, साठवलेली चरबी जाळतो, आणि खायला मात्र काही नसते, ही त्यामागची शक्य असलेली यंत्रणा आहे. असे बारीक काम स्वयंसेवकांच्या बादलीतून होऊ शकत नाही. एका तळ्यावर बावीस वर्षे बसणारा संशोधक आणि दीडशे रस्त्यांवर दोन दोन तास चालणारी माणसे, हे दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि दोघांचीही गरज आहे.

याच काळात अमेरिकेत उलट मार्गाने जाणारा प्रयत्न झाला, म्हणून त्याची तुलना उपयोगी ठरते. उत्तर अमेरिकी उभयचर निरीक्षण कार्यक्रम १९९७ ते २०१५ या काळात चालला, आणि त्याची रचना आरंभापासून कल मोजण्यासाठीच केलेली होती. स्वयंसेवक सूर्यास्तानंतर ठरलेल्या मार्गावर गाडीने जायचे, दहा ठिकाणी थांबायचे, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे कान देऊन ऐकायचे आणि प्रत्येक जातीच्या आवाजाला एक ते तीन असा अंक द्यायचे. आवाज सुटे सुटे मोजता आले तर एक, एकमेकांवर चढले पण वेगळे करता आले तर दोन, अखंड कल्लोळ असेल तर तीन. त्यासाठी आवाज ओळखण्याची परीक्षा द्यावी लागे. पद्धत शिस्तशीर होती आणि तिच्यातून अनेक जातींचे कल काढता आले. पण मध्यवर्ती समन्वय थांबल्यावर तो कार्यक्रमही थांबला. ब्रिटनमधली गस्त कोणाच्या आदेशावर उभी नसल्यामुळे बंद पडली नाही. माणसे भेकांसाठी येतात, आणि भेक येत आहेत तोवर येत राहतात. वाचवण्याच्या ओढीवर टिकलेली नोंद मोजणीच्या दृष्टीने ओबडधोबड असते, पण दीर्घ असते, आणि उभयचरांच्या बाबतीत दीर्घपणाला पर्याय नाही.

हे वाचताना सह्याद्रीची आठवण येणे अपरिहार्य आहे. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर रात्री काय चित्र असते हे तिथून गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. पण ब्रिटनची बादली इथे जशीच्या तशी चालणार नाही. तिथे एक जात आहे, ती लहान मुलालाही ओळखता येते, आणि तिची वाट ठरलेली आहे. आपल्याकडे एकाच घाटात अनेक जाती असतात, त्यांतल्या काही तर गेल्या दोन दशकांतच विज्ञानाला ज्ञात झाल्या. आंबोलीचा भेक स्वतंत्र जात म्हणून २००९ मध्ये नोंदला गेला, कोयनेचा त्याचा भाऊबंद १९६३ मध्ये. आंबोलीच्या या भेकाची वीण तळ्यात होत नाही. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर खळग्यांत साचलेल्या वीतभर पाण्यात ती उरकते, त्यामुळे त्याला रस्त्यापलीकडे नेऊन सोडण्याला फारसा अर्थ उरत नाही. इथे उपयोगी पडेल ती बादली नव्हे, वही. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत, रोज त्याच वेळी, रस्त्याच्या त्याच तुकड्यावर जाऊन जिवंत किती आणि मेलेले किती, आणि ज्या रात्री काही दिसले नाही त्या रात्रीही तारीख घालून शून्य, असे लिहिणारे दोन जण दहा वर्षे मिळाले तर त्या तुकड्याविषयी आज जे कोणीच सांगू शकत नाही ते सांगता येईल. जात ओळखता आली नाही तर शेजारी मोबाइलची पट्टी किंवा नाणे ठेवून काढलेला फोटो पुढे तज्ज्ञाला दाखवता येतो. शून्य मात्र मागाहून आठवून लिहिता येत नाही.

ब्रिटनमधल्या भेकांविषयी दुसऱ्याच स्वयंसेवकांच्या नोंदींतून पुढे आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती तळ्यापासून दूर, झाडांवर घडली. डॉर्माउस नावाच्या, झाडांवर राहणाऱ्या छोट्या प्राण्यासाठी जंगलांत जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर पेट्या लावलेल्या असतात, आणि वटवाघळांसाठी झाडांच्या ढोल्या तपासल्या जातात. त्या तपासणाऱ्या स्वयंसेवकांना अधूनमधून पेटीत किंवा ढोलीत भेक बसलेला दिसे. अशा नोंदी २०२२ मध्ये पेत्रोवान आणि सहकाऱ्यांनी एकत्र केल्या तेव्हा त्या पन्नासाहून अधिक भरल्या. जमिनीवर सावकाश चालणारा प्राणी म्हणून ज्याची शंभर वर्षे ओळख होती तो झाडे चढतो, आणि बऱ्याच प्रमाणात चढत असावा, हे यातून प्रथमच देशपातळीवर दिसले. घटीची कारणे शोधताना आजवर तळी, शेते आणि रस्ते पाहिले गेले. जुन्या, ढोल्या असलेल्या झाडांचा त्यात विचार नव्हता. डॉर्माउस शोधायला गेलेल्या ज्या माणसाने पेटी उघडली, डॉर्माउस नाही असे लिहिले आणि जे दिसले तेही लिहून ठेवले, त्याच्यामुळे आता त्या झाडांकडेही पाहावे लागणार आहे.